आजारी राणीचा मुरंबा

"चारशे वर्षं? अहो पिकर्सगिल, मी एकाहत्तरची आहे!" म्युरिएल हॅगेटबाईंनी जत्रेचं पत्रक बेकरीच्या टेबलावर असं आपटलं, की शेजारचे बन उडाले.

थ्रॅपलबी गावात दर फेब्रुवारीला मार्मलेडची जत्रा भरते. मुकुट घातलेली कुणीतरी बाई हातगाडीवरच्या गादीत कण्हत पडते, बेकरीवाले पिकर्सगिल तिला मार्मलेडचा, म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याचा, चमचा भरवतात, ती टुणकन उठते आणि गाव टाळ्या पिटतं. का, तर म्हणे मेरी नावाची राणी इथं आजारी पडली होती. आजाऱ्याला फ्रेंच लोक 'मलाद' म्हणतात. म्हणून 'मेरी मलाद'चं झालं मार्मलेड! चाळीस वर्षं गावचं वाचनालय सांभाळलेल्या हॅगेटबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मरण्याआधी गावानं एकदा तरी खरं ऐकून घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्या स्टेजवर चढून कडाडल्या, "शब्द पोर्तुगीज आहे, मूर्खांनो! राणीबिणी काही नाही!" लोकांनी मनसोक्त हुर्यो उडवली. गेल्या वर्षी लोक आधीच विचारू लागले, "त्या चिडक्या बाई कधी येणार?" आणि यंदा पत्रकात छापलं होतं, 'चारशे वर्षांच्या प्रथेनुसार राणीच्या आधी चिडकी म्हातारी येईल.'

"अहो बाई, लोकांना जुनं आवडतं," पिकर्सगिल म्हणाले. "आणि तुमचं ऐकतातच की सगळे."

"ऐकत नाहीत, दात काढतात! यंदा मी येणार नाही. बसा बोंबलत."

"बरं. मग पोस्टातल्या ग्लॅडिसला उभी करतो. आवाज मोठा आहे तिचा."

जत्रेच्या दिवशी बाई खिडक्या लावून शब्दकोडं सोडवत बसल्या. पण कर्ण्याला खिडक्यांचं काय? ग्लॅडिसचा आवाज थेट दिवाणखान्यात आला. "खोटं! हा शब्द स्पॅनिश आहे! मार्मेलो म्हणजे लिंबू!"

बाईंच्या हातातली पेन्सिल मोडली.

बर्फातून, घरच्या गाऊनवर, सपाता फटफटवत त्या चौकात आल्या आणि ग्लॅडिसच्या हातातला माइक हिसकावून घेतला. "लिंबू? लाज वाटते का? मार्मेलो हे पेअरसारखं पिवळं, आंबट फळ! पोर्तुगालहून त्याच्या वड्या पेट्यांत भरून यायच्या, त्यांचं हे नाव! संत्रं मागाहून घुसलं. कळलं?"

कुणी हसलं नाही. मग अख्खं गाव उठून टाळ्या वाजवू लागलं आणि बाईंचे डोळे भरून आले. ऐकलं होतं, शेवटी ऐकलं होतं!

"बाई, कमाल केलीत!" पिकर्सगिल गहिवरून म्हणाले. "पुढच्या वर्षीही अशाच सपातांत या हं. पत्रकात घालतो, चारशे वर्षांची सपातांची प्रथा."

"खोटं! धादांत खोटं!" हॅगेटबाई किंचाळल्या.

टाळ्यांचा पुन्हा कडकडाट झाला.