शिंपल्यांचं वय आणि सासूबाई

शनिवारी शिंपल्यांचा डबा सरळ मुंबईला ऑफिसात नेऊन ठेवायचा, तो मी अंबरनाथला घरी आणला. बस्स, एवढंच माझ्या हातून झालं. बाकीचं सगळं आपोआप होत गेलं.

मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत टेंपररी क्लार्क. सन अठ्ठावन्न. आमचे डॉक्टरसाहेब (इंजेक्शनवाले नव्हेत, अणूवाले) नदीच्या आणि खाडीच्या गाळाचं वय काढत. माझी सासुरवाडी खाडीकाठची, घराणं मिठागरवाल्यांचं, हे कळल्यावर ते म्हणाले, "जयदेव, उल्हास नदी खाडीला मिळते तिथल्या खोल गाळातल्या शिंपल्या आणा. काम चोख झालं तर नमुना-सहायकाच्या कायम जागेसाठी तुमचं नाव सुचवतो."

कायम! माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं वरचं बटण तुटलं. निर्वासितांच्या कॅम्प तीनमधल्या सिंधी शेठकडून झाकणाचा मजबूत डबा घेतला, खाडीवर जाऊन कमरेइतका खड्डा खणला, शेरभर शिंपल्या भरल्या. मग वाटलं, सोमवारपर्यंत हा डबा आळीला दाखवला नाही तर जन्माला येऊन केलं काय?

शेजारचे दौलतराव डब्यात डोकावले. "शिंपल्याच की ह्या."

"दिसतात तशा," मी म्हटलं. "शिंपलीतला प्राणी जिवंत असतो तोवर तिच्यात किरणं सोडणारा कार्बन भरत जातो. मेला की भरणं बंद. पुढे साडेपाच हजार वर्षांनी तो कार्बन निम्मा होतो. किती उरला ते मोजायचं, की वय कळलं." (साहेबांचंच वाक्य. मी फक्त आवाज चढवला होता.)

रविवारी मटण जेवून मी आडवा झालो. उठलो तर सासूबाईंनी विडा पुढे केला. सासूबाई, म्हणजे गोदूबाई, लेकीकडे चार दिवस राहायला आल्या होत्या. विडा तोंडात टाकला आणि तबियत खूश झाली.

"वा! चुना काय झकास आहे. कुठून आणलात?"

"तुमच्याच डब्यातला, जावयबापू," सासूबाई म्हणाल्या. "मेल्या शिंपल्या, आत मांस नाय, काय नाय. म्हटलं, जावयाने चुन्यासाठीच आणल्या असणार. गोवऱ्यांत भाजल्या, पाणी शिंपडलं. दौलतरावांना पण वाटीभर दिला."

विडा गिळावा की थुंकावा ते कळेना. माझी कायमची नोकरी माझ्याच तोंडात रंगली होती.

माझी बायको तुळशी म्हणाली, "आईला बोलू नका. तुम्ही आळीभर सांगत फिरलात, घरात कुणाला सांगितलंत?"

खरंच सांगितलं नव्हतं. घरात माझं ऐकायला कोण बसलंय, असं वाटलं होतं.

सोमवारी चुन्याची डबी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं कबूल केलं. साहेबांनी डबी उघडून पाहिली. "जयदेव, शिंपली भाजली की तिच्यातला कार्बन हवेत जातो. म्हणजे मोजायचं होतं तेवढंच तुम्ही उडवलंत, बाकी सगळं जपून आणलंत."

मला रडू येत होतं. मी म्हटलं, "साहेब, पुन्हा खणून आणतो. एक संधी द्या."

"या खेपेला मी येतो. आणि तुमच्या सासूबाईंनाही बोलवा."

खाडीवर मी ऐटीत माझा खड्डा दाखवला. सासूबाईंनी पदर खोचला, वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "इथं खणलंत? बांध फुटला तवा माझ्या सासऱ्याने बाहेरून गाळ आणून इथंच टाकला होता. कुठल्या कुठल्या शिंपल्या असतील त्यात."

साहेब एकदम सरळ झाले. म्हणजे माझा नमुना भाजला नसता तर प्रयोगशाळेने भलत्याच गाळाचं वय काढलं असतं. सासूबाई आम्हाला ओहोळाच्या तुटक्या काठाशी घेऊन गेल्या. तिथे खालच्या काळ्या थरात शिंपल्या होत्या, दोन्ही झाकणं मिटलेल्या, जिथल्या तिथे मेलेल्या. "ह्या कुणी हलवल्या नाय," त्या म्हणाल्या. साहेबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला माझ्या सासूचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या मॅट्रिकचाही वाटला नव्हता.

चार महिन्यांनी साहेबांचं इंग्रजी पत्र आलं. मी आळी गोळा केली, खुर्चीवर उभा राहिलो आणि मराठीत सांगू लागलो. शिंपल्या सुमारे चार हजार वर्षांच्या निघाल्या. टाळ्या पडल्या. आणि जयदेवची कायम जागेवर नेमणूक झाली. पुन्हा टाळ्या. मी पत्राची घडी घातली.

"अजून चार ओळी दिसतायत," असं म्हणत दौलतरावांनी चष्मा लावून पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि एकेका शब्दाचा अर्थ लावत मोठ्याने वाचलं, "या जागेसाठी आमची पहिली पसंती श्रीमती गोदूबाई यांना होती. परंतु जन्माचा दाखला नसल्यामुळे त्यांचं वय प्रयोगशाळेला ठरवता आलं नाही. सबब नाइलाजाने जावयाची नेमणूक करण्यात येत आहे."