बुधवारची धून

फ्रीजमधला दिवा लागेना, एवढंच निमित्त झालं. हॅलोकाकांनी कंपनीला फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा,' असं एक बाई गोड आवाजात म्हणाली आणि काका हरखले. काकू गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. लेक रविवारी फोन करायची, पण पाचातली तीन मिनिटं 'बाबा, आवाज येतोय का?' यातच जायची.

काकांनी चौतीस वर्षं कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर बसून जगाला 'जरा थांबा' म्हटलेलं. हॅलोकाका हे नाव तिथलंच. स्वतः थांबायची मात्र ही पहिलीच वेळ. आणि तेवढ्यात गिटार सुरू झाली.

घाई म्हणून नव्हती त्या वाजवणाऱ्याला. एक सूर सोडायचा आणि थांबायचा; मागून कुणी जिना चढत येतंय म्हणून दार धरून ठेवावं तसा. मग दुसरा. काका खुर्चीत टेकले. धून हळूहळू वर चढू लागली, आता शेवटच्या पायरीवर पाऊल टाकणार, एवढ्यात—

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू?"

"अहो, काय हे! तो वर पोचतच होता!"

"कोण सर? मेकॅनिक?"

"गिटारवाला!"

मुलगी हसली. "तो होय! त्यांचा अल्बम आहे सर. स्मूथ जॅझ. इथे कव्हर चिकटवलंय भिंतीवर. रोज वेगळी धून असते म्हणे. आज बुधवारची."

जॅझ म्हणजे मोरीत भांडी पडल्याचा आवाज, अशी काकांची आजवरची समजूत. ती त्यांनी जागच्या जागी मोडीत काढली. पण घरात तारेचा फोन, खिशात बटणांचा. अल्बम ऐकणार कशावर? शिवाय त्या अल्बममध्ये 'आपण महत्त्वाचे आहात' म्हणणारी बाई थोडीच असणार!

दुसऱ्या दिवशी काकांनी पुन्हा फोन लावला. फोन लावायचा म्हणजे तक्रार हवी. गुरुवारी फ्रीज घरघरत होता, शुक्रवारी तो घरघरत नाही म्हणून काळजी वाटत होती. सोमवारी तर लिंबं एका बाजूला घरंगळतात, असं काका बोलून गेले. कंपनी पडली तत्पर. कुणीतरी चौथ्या मिनिटाला फोन उचलायचंच, आणि बुधवारची धून दर बुधवारी त्याच पायरीवर एक पाय उचलून उभी राहायची.

मेकॅनिक आला, मिशीवाला. फ्रीज उघडून म्हणाला, "काका, दिवा बदललाय. बाकी याला काही झालेलं नाही."

"नीट बघा. आतून खचलाय तो."

मग मिशीवाल्याचा साहेब आला, साहेबाचा साहेब आला. विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पाचव्या आठवड्यात सहा माणसांनी दाराची चौकट काढून कपाटाएवढा नवा फ्रीज आत घेतला. त्यात काकांचं अर्धा लिटर दूध आणि दोन लिंबं हरवलेल्या प्रवाशांसारखी दिसू लागली. साहेबाने वर एक कार्डही दिलं. "तुम्ही आता खास ग्राहक. या नंबरवर फोन करा, एक सेकंद थांबावं लागणार नाही."

काकांनी ते कार्ड लिंबांच्या मागे ढकललं.

बुधवारी त्यांनी मुद्दाम जुन्याच नंबरवर फोन लावला. तरी पहिल्याच घंटीला तीच मुलगी बोलली, "बोला सर! आता मीच तुमच्यासाठी नेमलेली. फ्रीज कसा आहे?"

"ठणठणीत आहे. बिघाड माझ्यात आहे." काका थोडे घुटमळले. "बाई, एवढं कराल का? मला ताटकळत ठेवा हो. ती धून संपते कशी, तेवढं ऐकायचंय. आणि... घरात दुसरा आवाज नसतो ना."



"सर, एक मिनिट थांबता?"

गिटार सुरू झाली. चौथं मिनिट आलं, गेलं. कुणी उचललं नाही. धून वर पोचली, तिथे क्षणभर रेंगाळली आणि उतरताना असा काही सूर लागला की काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"ऐकलंत शेवटपर्यंत?" मुलीने हळूच विचारलं.

"ऐकलं."

"कशी आहे हो?"

"म्हणजे? तुमच्याकडेच तर वाजते!"

"आम्हाला कुठे ऐकू येते, काका? आम्ही फोन उचलला की ती बंद होते. दोन वर्षं झाली, भिंतीवरचं कव्हर तेवढं बघतेय."

चौतीस वर्षं बोर्डावर काढलेल्या माणसाला आणखी सांगायची गरज नव्हती. काकांनी घसा खाकरला, रिसीव्हर तोंडाजवळ घेतला आणि पहिल्या सुरापासून गुणगुणायला लागले. जिथे गिटारवाला थांबायचा, तिथे तेही दार धरून थांबले.

त्या वेळी गावातले सतरा बिघडलेले फ्रीज गिटार ऐकत तिच्यासाठी खोळंबले होते म्हणतात. तक्रार एकाचीही आली नाही.