साहेबांच्या कानावर

आमच्या बिडवईकाकांनी पाठवलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत आपोआप जगतापसाहेबांना जायची. साहेबांनी ती कधीच मागितली नव्हती. काकांनीच कम्प्युटर विभागात खेटे घालून तशी सोय करून घेतली होती. पूर्वीच्या एका साहेबानं 'मला कुणी सांगितलंच नाही' म्हणून त्यांना चारचौघांत झापलं होतं, त्याचा हा धसका.

"साहेबांच्या कानावर असलेलं बरं," हे त्यांचं पालुपद.

वाळूजच्या कारखान्यात खरेदी विभागात मी त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसायचो. बेअरिंगची ऑर्डर साहेबांना जायची, तशीच कॅन्टीनच्या पोह्यांत मीठ कमी असल्याची तक्रारही जायची. एकदा मी स्टेपलर मागितला, तर हातभर अंतरावरून मेल आला: 'जेवणानंतर देतो.' प्रत साहेबांना.

"अहो बिडवई, स्टेपलर कुणाकडं आहे हे कळून मी काय करू?" साहेब वैतागले.

"काही नका करू साहेब. फक्त असू द्या कानावर."

त्या साली पावसानं पार पाठ फिरवली होती. शहर मात्र वाढतच होतं. गारखेड्याच्या पुढं नवनव्या इमारती उठत होत्या आणि नळ आठवड्यातून एकदा यायचा. कारखान्यातही टँकर. टँकरवाल्याला काका रोज लिहायचे, 'पाणी गढूळ आहे.' तेही साहेब वाचायचे.

मे महिन्यात एका दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बिडवई रविवारी कुठं जेवतात हो?"

"काकू गेल्यापासून खानावळीचा डबा असतो, साहेब. पण रविवारी खानावळ बंद. काहीतरी करून घेत असतील."

साहेबांनी थोडं अवघडूनच स्क्रीन माझ्याकडं वळवला. काकांनी बेंगळुरूच्या लेकीला ऑफिसातूनच मेल लिहिला होता, आणि त्याचीही प्रत शिरस्त्याप्रमाणं आली होती.

'सुट्टीत येऊ नको. पाण्याचे लई हाल आहेत, लेकराला सोसायचं नाय. माझी काळजी करू नको. दर रविवारी साहेबांकडंच जेवायला असतो. वहिनी फार आग्रहानं वाढतात.'

"यांनी माझं घर बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नाही," साहेब हळूच म्हणाले.

मग उठून ते थेट काकांच्या टेबलापाशी गेले. "बिडवई, रविवारी साडेबाराला घरी जेवायला या." मागोमाग आलेल्या माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "यांनाही आणा."

काकांच्या ध्यानात आलं. चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, ते मी पोरीला उगाच..."

"आमरस आहे," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

रविवारी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. खाली मान घालून जेवले. वहिनींनी तिसऱ्यांदा वाटी भरली तरी नको म्हणाले नाहीत.

"लेक कधी येतेय?" वहिनींनी विचारलं.

"पाणी नाय ना वहिनी. लहान लेकरू..."

"आमच्या बोअरला आहे अजून. रोज दोन हंडे न्या. आणि लेकराची अंघोळ इथंच घालू की!"

काका हात धुवायला म्हणून उठले, ते बराच वेळ आलेच नाहीत. मी बघायला गेलो. गॅलरीत पाठमोरे उभे होते, फोन कानाला.

"हां, मीच. तिकीट काढ. व्हय, पाण्याचं झालं... नाय गं, रडतोय कुठं? आमरसाचा ठसका लागलाय."