करमुक्त नदी

यंदाच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या सरकारला आपल्या कमाईतला छदामही मिळणार नाही, असं ऑरिन ट्यूक्सबरीने आईला जेवणाच्या टेबलावरच ठणकावून सांगितलं! पोरगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे जगातलं सगळं कळण्याचं वय.

"मधली नदी शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्याची. नोकरीही तिकडचीच, आणि तिकडे पगारावर करच नाही!" ऑरिन म्हणाला. "मी पाण्यावरच राहणार. व्हरमाँटच्या मातीला पाय लावला तर बघ!"

"आणि आंघोळ?" आईने विचारलं.

"आई, मी नदीत राहणार आहे!"

पलीकडच्या काठावर लॉर्नाबाईंचा होड्या भाड्याने देण्याचा धंदा होता. ऑरिन त्यांच्याकडे लागला आणि त्यांच्या तराफ्यावरच पथारी टाकून राहिला. दिवसा व्हरमाँटच्या काठावरून गिऱ्हाइकं आणायची, पण स्वतः उतरायचं नाही. म्हाताऱ्या बायकांनाही तो होडीतूनच हात द्यायचा. एक आजी त्यापायी कमरेपर्यंत भिजल्या. तरी हा खाली उतरेना!

गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे पोराचा प्रेमभंग झालाय, कुणी म्हणे पोलीस मागे आहेत. आई रोज काठावरून घरी भाजलेला ॲपल-पाय फेकायची. निम्मा माशांच्या पोटात जायचा.

"पोरा, घरी ये रे! तुझी खोली अजून तुझीच आहे!"

"आई, मोहात पाडू नकोस!"

पण संध्याकाळ झाली की नदी मधासारखी व्हायची. पाणी तराफ्याखाली पुटपुटत राहायचं, बगळा एका पायावर पेंगायचा, आणि ऑरिनला वाटायचं, आपण कुठल्याच राज्याचे नाही. डास तेवढे दोन्ही राज्यांचे होते.

अशाच एका पहाटे दाट धुकं पडलं. तराफ्याची दोरी कधी सुटली, कुणाला ठाऊक! लॉर्नाबाईंच्या सगळ्या होड्या तराफ्याला एकामागे एक बांधलेल्या. बदकीणबाई पिल्लं घेऊन फिरायला निघाव्यात तशी ती वरात निघाली, आणि ऑरिन त्यात गाढ झोपलेला. स्वप्नात तो ढगावरून तरंगत होता आणि एक ढग त्याचा तळवा चाटत होता.

जाग आली तेव्हा तळवा गाय चाटत होती.

"हम्मा!" गाय म्हणाली.

ऑरिनने इकडेतिकडे पाहिलं. तराफा व्हरमाँटच्या चिखलात रुतला होता! त्याने पाय झटकन पोटाशी घेतले आणि वल्ह्याने ढकलून पाहिलं. वल्हं मोडलं. गाईच्या मैत्रिणीही आल्या आणि एकेका होडीत तोंड घालून गवताच्या गाद्या फस्त करू लागल्या.

तेवढ्यात फटफट करत लॉर्नाबाईंची मोटारबोट आली. बाईंचा आवाज मोटारीच्या वरचा.

"ए ऑरिन! बघतोस काय? माझा धंदा गाई खातायत! उतर खाली, ढकल!"

"नाही उतरणार!"

"होड्या गेल्या तर नोकरी गेली समज! का नाही उतरणार?"

"उतरलो की व्हरमाँटचा कर लागेल!"

बाईंनी मोटार बंद केली. धुक्यात एकदम शांत झालं.

"बाळा," बाई हळूच म्हणाल्या, "तुझं घर कुठे?"

"व्हरमाँटला."

"कॉलेज? गाडीचा परवाना? मतदान?"

"व्हरमाँट, व्हरमाँट, व्हरमाँट."

"मग तू चंद्रावर जाऊन होड्या चालवल्यास तरी तुझ्या कमाईवर व्हरमाँट कर लावणार. रहिवासी तिथला ना तू! नोकरी कुठेही कर, घरचं राज्य सोडत नाही."

ऑरिनने मोडकं वल्हं खाली ठेवलं. मग निमूट उतरला, गुडघाभर चिखलात. होड्या ढकलून झाल्यावर त्याने रडवेल्या आवाजात विचारलं,

"बाई, अख्खा उन्हाळा मी डासांत झोपलो! तुम्ही आधी का नाही बोललात?"

"मला काय माहीत?" बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुला नदी आवडते."

धुकं विरत होतं. पाण्यावर गुलाबी ऊन सांडलं होतं, आणि मधोमध तो बगळा अजून पेंगतच होता. ऑरिन बराच वेळ बघत राहिला.

"बाई," तो शेवटी पुटपुटला, "आजची रात्र अजून झोपू का तराफ्यावर?"