टिटवीला सापडलेला शब्द

एका जंगलात, बाळांनो, पाणी होतं, चारा होता, सावली होती. फक्त शब्द कमी होते. निदान भारद्वाजबुवांचं तसं म्हणणं होतं. हा पक्षी काही काळ एका पाठशाळेच्या कुंपणात राहून आला होता. तेव्हापासून रोज सकाळी पाणवठ्यावर सगळ्यांना जमवून तो एक अनोखा शब्द सांगायचा.

सभेची रीत ठरलेली होती. आधी शब्द, मग अर्थ, मग वाक्यात उपयोग आणि शेवटी सगळ्यांची वाहवा. मध्येच उठणारा अडाणी समजला जाई. त्यामुळे हरणं तहान मारून बसत आणि माकडं खाज दाबून.

टिटवीकडे पहाऱ्याचं काम होतं. तिच्या ओरडण्याने कितीतरी जीव वाचले होते, पण वाहवा कधी कोणी केली नव्हती. उलट बुवा म्हणत, टिटवीबाईंचा शब्दसंग्रह फार तोकडा. ते तिला फार लागायचं. धीर द्यायला एकटा ससोबा होता. तू जागी असतेस म्हणून मला झोप लागते, असं तो तिला सांगायचा.

एका सकाळी सभा रंगात आली असताना झुडपामागे ठिपके हलले.

"बिबट्या आला, पळा," टिटवी ओरडली.

कोणी हललं नाही. कोल्ह्याने जांभई दिली.

"बाई, हे शब्द सगळ्यांना येतात," बुवा म्हणाले. "नवीन काही असेल तर बोला."

टिटवीचा जीव कासावीस झाला. ते झुडूप ससोबाच्या अगदी पाठीशी होतं. बुवांवर छाप पाडायला ती मागे एकदा त्या पाठशाळेच्या कुंपणाशी जाऊन एक शब्द घोकून आली होती. निदान तो तरी ही मंडळी ऐकतील, असं तिला वाटलं.

"द्वीपी," ती म्हणाली.

सगळ्यांनी कान टवकारले. बुवांनाही हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्यांनी ठाऊक असल्यासारखी मान डोलावली आणि अर्थ विचारला.

"बिबट्या."

"छान. आता वाक्यात उपयोग करा."

"ससोबा, तुझ्या मागे द्वीपी आहे रे, पळ."

अशी वाहवा त्या जंगलात कधी झाली नव्हती. ससोबा अर्धवट उठला होता. पण वाहवा चालू असताना जाणं बरं दिसणार नाही, म्हणून बिचारा पुन्हा बसला. बिबट्याला सभेची रीत माहीत नव्हती. तो ससोबाला उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर टिटवीचा सत्कार झाला. पळसाच्या पानाची शाल घातली गेली. शब्द सांगावा तर असा, आता तो कोणी जन्मात विसरणार नाही, असं बुवा म्हणाले. मग त्यांनी तिला बोलायचा आग्रह केला.

टिटवीला हुंदका आवरेना. "ससोबा," एवढंच ती म्हणाली.

"हा येतो आम्हाला," मागून कोल्हा म्हणाला. "दुसरा सांगा."

तात्पर्य : संकट दिसलं की बाळांनो, उगाच ओरडू नये. आधी त्याला एखादा भारदस्त शब्द शोधावा. जीव वाचला नाही तरी सत्कार चुकत नाही.