जादा तास

गणितात नापास होणारी पोरं सहा महिन्यांत वर काढण्याबद्दल गुरुलिंग सरांचं लातुरात नाव होतं. त्यामुळे चोवीस वर्षांचा सत्यम एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाला, "बाबा, माझ्यासाठी पोरी बघू नका. मला पोरींचं तसं काही वाटतच न्हाई," तेव्हा सर घाबरले नाहीत. त्यांनी भाकरी मोडली आणि विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"म्हंजे पाया कच्चा हाय. जादा तास घ्यावे लागतील."

सत्यमच्या आईचा, सिंधुताईंचा, घास हातातच राहिला. सोमवार त्या धरतच होत्या, त्या दिवसापासून गुरुवारही धरला. सरांचा भरवसा मात्र सरावावर. भूकंपाला तीन वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात जिल्ह्यात घरांपेक्षा क्लासच जास्त उभे राहिले होते. सगळ्यांचा मंत्र एकच: जे येत नाही ते पुन्हा पुन्हा सोडवायचं. सरांनी ठरवलं, आधी चार घरी नुसतं सरावाला जायचं. मुलगी बघायची, चहा प्यायचा, 'कळवतो' म्हणून उठायचं.

"बाबा, ह्यो काय पेपर हाय का?"

"भीती जाते रे त्यानं."

पहिल्या तीन घरांत सत्यम मान खाली घालून बसला. परतताना सर हळूच विचारायचे, "काही फरक?"

"न्हाई."

"थोडासा?"

"न्हाई, बाबा."

चौथं घर औशाचं, मलप्पाचं. एसटी वाटेत दोन तास बंद पडलेली, सर सकाळपासून उपाशी. मलप्पाची वर्षाराणी चहा ठेवून आत गेली आणि पेढ्यांचं ताट आलं. मुलीच्या घरी पसंती झाल्याशिवाय तोंड गोड करायचं नसतं, हे सरांना काय ठाऊक नव्हतं? पण भुकेनं घात केला. पहिला पेढा जिभेवर विरघळतोय तोवर मलप्पानं त्यांना मिठी मारली, दुसरा उचलेपर्यंत खांद्यावर टॉवेल नि डोक्यावर टोपी आली.

"व्याही!" मलप्पाचे डोळे भरून आले.

सरांचं तोंड भरलेलं होतं. नाही कसं म्हणणार?

आठ दिवसांत मलप्पानं मंगल कार्यालय ठरवलं, मुलीला आलेली दोन स्थळं माघारी पाठवली आणि तिचं कॉलेज बंद केलं. इकडे सत्यमचं जेवण तुटलं.

"बाबा, तुमच्या सरावात त्या पोरीचा जन्म जाईल," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, आणि तेच सरांना सोसेना. दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन ते औशाला गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

मलप्पा हसला. "एवढंच व्हय? लगीन झालं की येतंय आपोआप. बायको शिकवती बगा सगळं. न्हाईच आलं तर आमच्या वळखीचा एक वैद्य हाय, सा म्हयन्यात..."

"तीस वर्षं शिकवतोय मी, मलप्पा!" सर ओरडले. "हे शिकवून येत नसतंय!"

आपण काय बोललो, ते सरांना बोलून झाल्यावर ऐकू आलं.

तेवढ्यात दाराआडून वर्षाराणीचा आवाज आला, "अप्पा, मग उद्यापासून कॉलेजला जाऊ का मी?"

मलप्पानं त्यांना पाण्यालाही विचारलं नाही. परतीच्या एसटीत बाप-लेक शेजारी बसले. बुधोडा मागे पडल्यावर सरांनी खिडकीकडे तोंड करून विचारलं, "कुणी हाय का?"

"व्हता. रिजवान. किल्लारीकडला. भूकंपात गेला."

सरांना ते दिवस आठवले. पोरगं आठ दिवस जेवलं नव्हतं. त्यांनीच त्याला समोर बसवून सांगितलं होतं, परीक्षेचं वर्ष आहे, अभ्यासात मन घाल. त्यानं घातलं. पहिल्या वर्गात पास झाला. आणि सर कौतुकानं गल्लीभर सांगत फिरले होते, आमच्या सत्यमला भूकंप जाणवलासुद्धा नाही.