कानसेनचे कर्णे

खोटं वाटेल, वाटू दे; पण दोन कर्ण्यांनी अख्ख्या रस्त्याला हात वर करायला लावले, ही गोष्ट ज्याच्या घरात घडली त्याच्याच पायरीवर बसून सांगतो.

कानसेन म्हणजे सिनेमागृहाचा वायरमन. तीस वर्षं पडद्यामागे स्टुलावर बसून त्याने सिनेमे ऐकले. थिएटर पाडलं, तेव्हा पडद्यामागचे कपाटाएवढे दोन कर्णे त्याने घरी आणले. आतल्या खोलीत नात. तीन दिवस दातांनी छळलेली, आत्ता कुठे डोळा लागलेला.

"बाळ उठलं ना," बायको कुजबुजली, "तर हे धूड घरात राहणार नाही. सांगून ठेवते."

"अगं, मुंगीलासुद्धा कळणार नाही, इतकं हळू लावतो!"

त्याने वायरी जोडल्या आणि एका जुन्या सिनेमाची टेप लावली. पण जन्मभर जिथून ऐकलं, तिथूनच ऐकणार ना माणूस! कर्ण्यांची तोंडं केली खिडकीकडे आणि स्वतः त्यांच्या पाठीमागे स्टूल टाकून बसला. पाठीमागे आवाज येणार कितीसा? "तो गोडवा काही येत नाही," म्हणत त्याने बटण जरासं पिळलं. मग आणखी जरासं.

तेवढ्यात सिनेमातला फौजदार गरजला, "हात वर!"

भाजीवालीने तराजू टाकून हात वर केले. सायकलवाल्याने दोन्ही केले आणि तो थेट गटारात गेला. समोरच्या न्हाव्याने वस्तऱ्यासकट केला. वर जाताजाता वस्तरा गिऱ्हाइकाची अर्धी मिशी घेऊन गेला.

दोन मिनिटांत सगळे दारात. बायकोने ओठांवर बोट ठेवलं, "श्शू! बाळ झोपलंय." झालं! सगळं भांडण कुजबुजत.

"माझी मिशी!" अर्ध्या मिशीवाला दातओठ खात पुटपुटला.

"हळू हो, पाया पडतो," कानसेनला घाम फुटलेला. "आणि आवाज मोठा होताच कुठे? मी तर शेजारीच बसलो होतो!"

"बाहेर या, मग दाखवतो कुठे होता ते," सायकलवाला म्हणाला, तोही अगदी अंगाईच्या सुरात.

इतक्यात आत पाळणा करकरला. कानसेनचा जीव टांगणीला. मिशीवाल्यानेही श्वास रोखला. आणि काय सांगू मंडळी, बाळाने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला, आणि हूं नाही की चूं नाही! तेव्हापासून ते कर्णे ह्याच घरात, दिवाणखान्यात, मानाने...

"बाळ उठलं नाही?" चहा घेऊन आलेली कानसेनची बायको दारातच थांबली. "मग गच्चीवर माझ्या कोंबड्या अंडी घालतात, ते कुणाच्या कर्ण्यात हो भावजी?"